परदेशातील उन्हाळी शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाताना

युरोप आणि अमेरिकेतील शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणपणे जूनमध्ये सुरू होऊन ऑगस्टअखेरपर्यंत चालते. या सुट्टीत शाळा, धर्मादाय संस्था आणि स्थानिक पालिका मुलांसाठी निवासी किंवा दिवसभराची शिबिरे भरवतात. इंग्रजी संभाषणाचा सराव, खेळ, हस्तकला आणि रानावनातील भटकंती अशा कामांसाठी त्यांपैकी अनेकांना परदेशी स्वयंसेवक हवे असतात. दक्षिण पोलंडमधील एका डोंगराळ गावच्या शाळेत अशा शिबिरात मी तीन आठवडे काम केले आणि परतल्यावर नौपाडा, घोडबंदर रोड, ऐरोली आणि नेरूळ येथील काही तरुणांना अशाच शिबिरांसाठी तयार होताना मदत केली. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. आपल्याकडील बहुतेकांची तयारी व्हिसापासून सुरू होते आणि बॅग भरण्यापाशी संपते. ज्यांच्यासाठी आपण जाणार, ती मुले त्या तयारीत कोठेच नसतात. परक्या देशातील आईवडील आपले आठ-दहा वर्षांचे मूल ज्याच्या हाती सोपवणार आहेत, तो माणूस होण्यासाठी वेळ काढावा लागतो. कागदपत्रे, लसी आणि तिकिटे त्या कामाच्या सोयीसाठी असतात. पुढील मांडणी जुलैमधील शिबिर गृहीत धरून आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून केली आहे.

ऑक्टोबर : सुट्टीचा आणि रजेचा मेळ

आपली मे महिन्याची सुट्टी आणि तिकडची उन्हाळी सुट्टी यांचा मेळ बसत नाही. मुंबई-ठाण्याकडील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे शिक्षक असाल तर नेमके प्रवेशाचे आणि नव्या तुकड्या लावण्याचे दिवस शिबिराच्या तयारीत येतात. महाविद्यालयीन विद्यार्थी असाल तर परीक्षा लांबण्याची, पुरवणी परीक्षेची आणि पुढील प्रवेशाची शक्यता धरूनच तारखा निवडाव्यात. ऐरोली किंवा महापे येथील कंपनीत नोकरी असेल, तर सलग तीन आठवड्यांची रजा तोंडी ठरवून भागत नाही. रजा मंजूर असल्याचे आणि परतल्यावर नोकरी कायम असल्याचे पत्र व्हिसाच्या अर्जालाही लागते, म्हणून ते लेखी मिळण्याची खात्री आताच करून घ्यावी. घरच्यांशीही याच महिन्यात बोलावे. आषाढी एकादशी, गुरुपौर्णिमा आणि श्रावणाची सुरुवात शिबिराच्या सुमारास येते, आणि घरातील एखादे कार्य ऐन वेळी आड आले तर माघार घेणे यजमानांवर फार अन्यायाचे होते, कारण एका स्वयंसेवकामागे दहा-बारा मुलांचा गट आखलेला असतो.

नोव्हेंबर-डिसेंबर : संस्था पारखून घेणे

संस्था तीन प्रकारच्या असतात. काही ठिकाणी शाळा किंवा धर्मादाय संस्था थेट स्वयंसेवक घेते. काही ठिकाणी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी चळवळीची आपल्या देशातील शाखा तुम्हाला पाठवते. तिसऱ्या प्रकारात मध्यस्थ कंपनी पैसे घेऊन ‘अनुभव’ विकते. दुसऱ्या प्रकाराची परंपरा जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दंजवळच्या एका फ्रेंच खेड्यात निरनिराळ्या देशांतील तरुणांना एकत्र आणून पुनर्बांधणीचे शिबिर घेतले. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही चळवळ उभी राहिली, आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः तेथे कामाला आले होते. आपण ज्या वाटेने जाणार, ती वाट उलट दिशेने चालून आलेली माणसे आधी होऊन गेली आहेत, हे जाताना ध्यानात असलेले बरे.

संस्थेला पहिले पत्र लिहिताना स्वतःची स्तुती कमी आणि प्रश्न अधिक असावेत. मुलांचा वयोगट कोणता, एका गटात किती मुले आणि सोबत स्थानिक शिक्षक असणार की नाही, रोज किती तास काम, आठवड्यातून सुट्टी कधी, राहण्याची खोली कोणाबरोबर, रात्री मुलांची जबाबदारी कोणाची, आजारी पडल्यास दवाखान्यात कोण नेणार आणि शुल्क घेत असाल तर त्यात काय काय धरले आहे, हे सर्व लेखी विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : तुमचे बालसंरक्षणाचे लेखी धोरण पाठवाल का? जी संस्था हा प्रश्न ऐकून आनंदाने दस्तऐवज पाठवते, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते. जी संस्था तुमचा भूतकाळ, संदर्भपत्रे किंवा पोलिसांचा दाखला काहीच न मागता केवळ पैसे भरल्यावर जागा देते, ती मुलांच्या बाबतीतही तितकीच निष्काळजी असणार, असे मी समजते आणि तेथे जाऊ नका असेच सांगते. आलेल्या पाहुण्यांना काही दिवस अनाथाश्रमातील मुलांसोबत ‘राहू देणाऱ्या’ योजनांपासूनही दूर राहावे. माया लावून आठवड्याभराने निघून जाणारी माणसे त्या मुलांच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलेली असतात.

संस्था इंग्लंड किंवा वेल्समधील असेल तर तिची नोंदणी धर्मादाय आयोगाच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहता येते. पूर्वी जाऊन आलेल्या दोन स्वयंसेवकांशी बोलण्याची विनंती करावी आणि त्यांना ‘कसे वाटले’ असे न विचारता ‘एखादे मूल रडले किंवा पडले तेव्हा काय केले गेले’ असे विचारावे.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

ठाण्याचे पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये असून तत्काळसाठी २,००० रुपये अधिक द्यावे लागतात. पासपोर्ट आधीपासून असेल तर त्याची मुदत आणि कोरी पाने तपासावीत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे तेथील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसासाठी, तो दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि किमान दोन कोरी पाने असलेला लागतो.

आपल्याकडे खरा घोळ नावाचा होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव स्वतंत्र असते. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत असून वडिलांचे नाव कधी नावाच्या रकान्यात असते, कधी नसते. लग्नानंतर बदललेले नाव आधारवर असते पण पदवीवर नसते. परदेशी संस्थेच्या कार्यालयातील माणसाला या तिन्ही व्यक्ती वेगळ्या वाटतात. म्हणून शिबिराचा अर्ज, निमंत्रणपत्र, विमा आणि तिकीट या सर्वांवर पासपोर्टवरील नाव अक्षरन् अक्षर तसेच घालावे आणि संस्थेला पहिल्याच पत्रात पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत पाठवून ‘निमंत्रणपत्रावर हेच नाव लिहा’ असे कळवावे.

मुलांसोबतच्या कामासाठी पोलिसांचा दाखला बहुतेक ठिकाणी मागतात. पोलंडमध्ये तर २०२४ पासून मुलांसोबत काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला स्वतःच्या देशातील गुन्हेगारी नोंदींचा दाखला देणे कायद्यानेच आवश्यक झाले आहे. येथे दोन कागदांची गल्लत होते. पोलीस आयुक्तालयाकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र येथील नोकरीसाठी चालते. परदेशी संस्थेला सहसा पासपोर्ट कार्यालयाने दिलेला ‘पोलीस क्लिअरन्स’ दाखला लागतो. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करता येतो, शुल्क ५०० रुपये आहे आणि पडताळणी तुमच्या हद्दीतील पोलीस ठाण्यामार्फत होते. हा दाखला ताजा असावा अशी अपेक्षा असते, त्यामुळे तो फार आधी काढू नये; फेब्रुवारी-मार्च हा काळ योग्य ठरतो. त्यावर अपोस्टीलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीच्या साक्षांकनाचा, शिक्का हवा का, हेही विचारून घ्यावे. भारत २००५ पासून त्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने तो शिक्का परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो आणि कागद मंत्रालयाने नेमलेल्या अधिकृत केंद्रांतच द्यावे लागतात.

जानेवारी ते मे : येथील मुलांसोबत सराव

या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देते, आणि हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. ‘मला मुले आवडतात’ एवढ्या भांडवलावर पंचवीस मुलांसमोर उभे राहता येत नाही. आपल्या सोसायटीतील, पालिकेच्या शाळेतील, वस्तीतील अभ्यासिकेतील किंवा एखाद्या वाचनालयाच्या बालविभागातील मुलांसोबत किमान आठ रविवार, आणि जमल्यास मे महिन्यातील एखादे संपूर्ण सुट्टी शिबिर करावे. अर्थात त्यासाठी तेथील व्यवस्थापनाची आणि पालकांची रीतसर परवानगी घ्यावी. या आठ रविवारांत स्वतःविषयी जे कळते, ते कोणत्याही मुलाखतीत कळत नाही.

पहिल्या रविवारी लगोरी घ्या, पण एक अट स्वतःवर घाला : नियम सांगताना एकही मराठी शब्द वापरायचा नाही आणि इंग्रजी वाक्ये तीनच. मी हे प्रथम आमच्या इमारतीच्या गच्चीवर केले. सात चपट्या फरश्यांचे तुकडे रचले, चेंडूने ते पाडून दाखवले, पळत जाऊन पुन्हा रचू लागले, आणि एका मुलाच्या हाती चेंडू देऊन माझ्या पाठीवर मारायला खुणेने सांगितले. चेंडू लागला तशी मी ‘आउट’ म्हणून बाजूला जाऊन बसले. पुढच्या खेपेला रचलेल्या ढिगावर हात ठेवून ‘लगोरी’ असे ओरडले. चार मिनिटांत खेळ सुरू झाला. त्याआधी दोनदा मी नियम समजावून सांगण्यात दहा मिनिटे घालवली होती आणि तेवढ्यात निम्मी मुले पाण्याच्या टाकीवर चढली होती. पोलंडमध्ये मला नेमके हेच उपयोगी पडले, कारण तेथील सात-आठ वर्षांच्या मुलांचे इंग्रजी रंग आणि आकड्यांपुरते होते. बोलण्याआधी करून दाखवणे, सूचना देताना मुलांच्या उंचीवर येणे, सर्वांचे लक्ष वेधण्यासाठी ठरावीक टाळी ठेवणे आणि आवाज चढवण्याऐवजी खाली आणणे, या सवयी हाडीमासी खिळण्यासाठी महिने लागतात.

इंग्रजीविषयी थोडे अधिक सांगते, कारण मराठी माध्यमातून शिकलेली पुष्कळ मुले-मुली ‘आपले इंग्रजी तेवढे चांगले नाही’ या भीतीने अर्जच करत नाहीत. ज्याने ही भाषा पाचवीत गेल्यावर अक्षरे गिरवत मिळवली आहे, त्याला तिच्यातील खाचखळगे ठाऊक असतात. तो लहान वाक्ये बोलतो, सोपे शब्द निवडतो आणि समोरच्या मुलाचा शब्द अडला की थांबून वाट पाहतो. माझ्यासोबत इंग्रजी मातृभाषा असलेले दोन स्वयंसेवक होते. मुले त्यांच्यावर प्रेम करत, पण त्यांचे बोलणे समजून घ्यायला माझ्याकडे येत. स्पष्ट उच्चार, मंद गती आणि वर्गातील रोजच्या पन्नास-साठ वाक्यांची पक्की तयारी एवढे पुरेसे असते.

उपक्रमांची एक वही करावी आणि प्रत्येक उपक्रमापुढे वयोगट, लागणारा वेळ, साहित्य, आणि ‘पाऊस आला तर काय’ असे चार रकाने ठेवावेत. खो-खो त्यात हवाच. आठ जण आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून ओळीत बसतात आणि नववा पाठलाग करतो, ही रचना जमिनीवर खडूने खुणा करून दाखवली की लगेच कळते. लंगडी, मामाचं पत्र हरवलं, आंधळी कोशिंबीर हे खेळ साहित्याशिवाय होतात. सागरगोट्यांऐवजी तिकडचे गुळगुळीत खडे चालतात.

हस्तकलेत बहुतेक जण वारली चित्रे निवडतात, आणि ती निवड चांगली आहे, कारण टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे अंग आणि वरचे वर्तुळ म्हणजे डोके, एवढे समजले की सहा वर्षांचे मूलही तारपा नाचाची वेटोळी रांग काढू लागते. तांदळाच्या पिठाच्या जागी पांढरा खडू किंवा पोस्टर रंग आणि गेरूच्या भिंतीच्या जागी तपकिरी कागद घ्यावा. मात्र ही ‘आमची भारतीय कला’ असे मोघम सांगू नये. ती वारली समाजाची आहे. तो समाज २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आणि आसपासच्या डोंगरपट्ट्यात राहतो, लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली, ज्यासाठी त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे मुलांना झेपेल अशा शब्दांत सांगावे. शक्य असल्यास जाण्यापूर्वी एखाद्या वारली चित्रकाराकडे बसून शिकून घ्यावे आणि त्याचे मानधन द्यावे.

ज्या देशात जाणार, त्याचे आपल्याशी काही नाते आहे का, तेही शोधावे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. पहिल्या संध्याकाळी मी नकाशावर कोल्हापूर दाखवले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांनी ‘वळिवडे’ हा शब्द माझ्याआधी उच्चारला. त्यानंतर त्या शाळेत मी परकी राहिले नाही.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम

आपल्याकडे गालगुच्चा घेणे, मांडीवर बसवणे, डोक्यावरून हात फिरवणे, दुसऱ्याच्या मुलाला हाताने घास भरवणे ही मायेची रीत आहे. तिकडे तीच कृती मुलाला आणि पालकांना अस्वस्थ करू शकते, आणि त्यांची अस्वस्थता रास्त आहे, कारण मुलाच्या शरीरावर मुलाचा हक्क असतो. टाळी देणे, मुठीला मूठ लावणे, मुलाने स्वतः हात पुढे केल्यास हात धरणे, एवढ्यावर थांबावे. खरे तर ही शिस्त येथेही पाळावी. आपला २०१२ चा पॉक्सो कायदा अस्तित्वात आला तो मुलांना सर्वाधिक धोका ओळखीच्या माणसांकडूनच असतो, हे कटू सत्य पाहून.

कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये. मूल रडत असेल, त्याच्याशी स्वतंत्र बोलणे भाग असेल, तर दार उघडे ठेवून दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल अशा जागी बसावे. निवासी शिबिरात मुलांच्या झोपण्याच्या खोलीत किंवा न्हाणीघराच्या भागात एकट्याने जाऊ नये. स्वतःच्या मोबाइलवर मुलांची छायाचित्रे काढू नयेत, आणि संस्थेने परवानगी दिली असली तरी चेहरा ओळखू येईल असे चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकू नये. ठाण्याच्या नातेवाइकांना ‘फोटो पाठव’ असे वाटणारच. त्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे की डोंगर, जेवण आणि शाळेची इमारत एवढीच चित्रे येतील.

सर्वांत कठीण प्रसंग येतो तो मूल विश्वासाने काही सांगू लागते तेव्हा. ‘कोणाला सांगणार नाहीस ना?’ असे त्याने विचारले, तर होकार देऊ नये. ‘तू सांगितलेस हे फार बरे केलेस, तुला मदत करू शकेल अशा एका माणसाला मला हे सांगावे लागेल’ असे शांतपणे म्हणावे. खोदून प्रश्न विचारू नयेत, आपल्या तर्काची भर घालू नये, मुलाने वापरलेलेच शब्द वेळेसह लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी संस्थेने नेमलेल्या बालसंरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. मुलाला द्यायचे ते उत्तर इंग्रजीत इतके घोटून ठेवा की गोंधळलेल्या क्षणीही ते तोंडातून बरोबर येईल. मला ते एकदा उपयोगी पडले. त्याविषयी याहून अधिक लिहिणे योग्य नाही.

घरची आठवण येऊन रडणे हे मात्र रोजचे असते आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सर्वाधिक असते. ‘रडू नकोस’ म्हणू नये. आई काय करत असेल हे विचारावे, घराचे चित्र काढायला द्यावे, आणि उद्या सकाळी त्या मुलाकडे एखादे छोटे काम सोपवावे. चेंडू मोजून आणणे, घंटा वाजवणे, कुत्र्याला पाणी देणे यांतले काहीही चालते.

मार्च-एप्रिल : व्हिसा

व्हिसाचा प्रकार देश आणि काम यांवर ठरतो, आणि ‘टुरिस्टवर जाऊन ये, कोण विचारतो’ हा सल्ला मिळतोच. तो मानू नये. मुलांसोबत काम करायला जाताना पहिलाच कागद खोटा असणे मला मान्य होण्यासारखे नाही, शिवाय विमानतळावर चौकशी झाली तर तेथूनच परत पाठवतात.

ब्रिटनमध्ये साध्या अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. ती प्रवासाचा मुख्य हेतू असेल किंवा मुदत जास्त असेल, तर धर्मादाय कार्यकर्त्यांसाठीचा तात्पुरता व्हिसा असतो आणि त्यासाठी संस्थेकडून प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र लागते. अमेरिकेतील शिबिरात मुलांचे गट सांभाळण्यासाठी जे-१ या देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीच्या व्हिसाचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यासाठी वय किमान १८ असावे लागते, मुदत जास्तीत जास्त चार महिने असते आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मान्यता असलेल्या प्रायोजक संस्थेने डीएस-२०१९ हा अर्ज दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे काम मानधनाचे असते. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते.

शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत देता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. पण मे महिन्यात फिरायला जाणाऱ्या कुटुंबांमुळे मुंबईत अर्ज देण्याच्या वेळा भरून जातात, म्हणून मार्चमध्येच वेळ घ्यावी. निमंत्रणपत्रात शिबिराच्या तारखा, कामाचे स्वरूप, मानधन नसल्याचा उल्लेख आणि राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार हे स्पष्ट असावे. सोबतच्या पत्रात तुम्ही तेच साध्या शब्दांत लिहावे आणि येथे परत येण्याची कारणे, म्हणजे नोकरी, शिक्षण, घर, ही कागदांनिशी दाखवावीत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. विमा घेताना डोंगरात चालणे, पोहणे किंवा सायकल चालवणे त्यातून वगळलेले नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून पाहावे. नियम आणि शुल्क बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी दूतावासाचे अधिकृत संकेतस्थळ पुन्हा उघडून पाहणे हा नेम ठेवावा.

आरोग्य

शिबिराकडून येणाऱ्या आरोग्यपत्रकात गोवर-गालगुंड-रुबेला आणि धनुर्वाताच्या लसींची नोंद मागतात. लहानपणीचे लसीकरणाचे पुस्तक हरवलेले असेल तर फॅमिली डॉक्टरांना भेटून काय करता येईल ते ठरवावे आणि त्यांच्या लेटरहेडवर नोंद घ्यावी. काही ठिकाणी क्षयरोगाची चाचणी मागतात. आपल्याकडे जन्मतः बीसीजीची लस देत असल्याने त्वचेवर केली जाणारी चाचणी क्षयरोग नसतानाही सकारात्मक येऊ शकते; अशा वेळी घाबरून न जाता रक्तावरील आयग्रा चाचणी करून घ्यावी, कारण तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

मध्य युरोपातील आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातील गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम आजार होतो. रानातून आल्यावर मुलांना गुडघ्यामागे, काखेत, कानामागे स्वतःच पाहायला सांगावे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढतात. तेल, तूप किंवा पेटती काडी लावू नये. मुलाच्या बाबतीत हे काम शिबिराच्या परिचारिकेनेच करावे. भारतीय रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचा प्रथमोपचाराचा वर्ग जाण्यापूर्वी जरूर करावा.

शेंगदाण्याविषयी स्वतंत्र सांगणे भाग आहे. तिकडे अनेक मुलांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते आणि कणभर कूटही त्यांच्या जिवावर बेतू शकते. शेंगदाण्याची चटणी, चिक्की, दाण्याचे लाडू, दाणे घातलेला चिवडा यांतील काहीही शिबिरात नेऊ नये. आपण खाऊन हात न धुता चेंडू पकडला तरी धोका असतो. मी मोठ्या प्रेमाने नेलेली चटणीची पिशवी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातील बाईंनी दोन पिशव्यांत बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाकली आणि मला साबणाने हात धुवायला लावले, आणि त्यांचे बरोबरच होते. गटातील कोणाला कशाची ॲलर्जी आहे याची यादी पाठ करावी आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन कोठे ठेवले आहे हे पहिल्या तासाला विचारून घ्यावे.

सामान

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी आणि तूप घरीच ठेवावे. शाकाहारी असाल तर अंडे आणि मासे चालतात की नाही हे अर्जातच लिहावे, उपवासाचे दिवसही कळवावेत. बटाटे, चीज आणि पाव यांवर तीन आठवडे निघतात. गोडा मसाला आणि मेतकूट यांची लहान बंद पाकिटे, त्यांवर इंग्रजीत घटक लिहून, न्यावीत. डोंगरातील जुलैची रात्रही गार असते, त्यामुळे एक उबदार जाकीट आणि पावसाचे कपडे हवेत. बूट नवे घेतले तर येऊरच्या चढावर महिनाभर आधी चालून पायात बसवावेत. भेटवस्तू म्हणून लाकडी भोवरा आणि त्याची जाळी, म्हणजे दोरी, सर्वांना आवडते, पिशवीभर न्याव्यात.

निघण्याचा दिवस आणि पहिले तीन दिवस

जूनअखेरीस ठाण्याहून किंवा वाशीहून विमानतळ गाठणे पावसावर अवलंबून असते. द्रुतगती मार्ग तुंबतो, लोकल थांबतात. दुपारचे विमान असेल तर सकाळीच निघावे आणि शक्य असल्यास आदल्या रात्री अंधेरीकडे कोणा नातेवाइकाकडे मुक्काम करावा. कागद प्लास्टिकच्या बंद पाकिटात, हातातल्या पिशवीत ठेवावेत आणि एक संच घरी द्यावा. उन्हाळ्यात पोलंड आपल्या साडेतीन तास मागे असते, ब्रिटन साडेचार आणि न्यूयॉर्क साडेनऊ. घरी फोन करण्याची वेळ त्यानुसार आधीच ठरवावी, म्हणजे मुलांच्या जेवणाच्या वेळी तुमचा फोन वाजणार नाही. युरोपात आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे, अमेरिकेत ९११.

पहिले तीन दिवस नावे शिकण्याचे. मुले येण्यापूर्वी यादी घेऊन स्थानिक शिक्षकाकडून प्रत्येक नावाचा उच्चार विचारावा आणि तो देवनागरीत लिहून घ्यावा. आपली लिपी या कामाला फार सोयीची आहे. पोलिश मुले शिक्षिकेला ‘पानी’ म्हणतात, म्हणजे बाई. पहिल्या सकाळी ती हाक ऐकून मी पाण्याची बाटली पुढे केली होती, दुसऱ्या दिवसापासून वळून पाहू लागले. स्वतःचे उपक्रम पहिल्या दिवशी पुढे करू नयेत. तेथील शिक्षक दिवस कसा चालवतात, रागावतात कसे, शाबासकी कशी देतात ते पाहावे, आणि चौथ्या दिवशी वहीतील एक खेळ काढावा.

परतण्याच्या आधी मुले फोन नंबर आणि समाजमाध्यमांवरील खाते विचारतात. देऊ नये. पुढचा पत्रव्यवहार शाळेच्या पत्त्यावरच होईल असे सांगावे आणि तो पत्ता तुमच्या वहीत लिहून घ्यावा. आमच्या भागातील पालिकेच्या शाळेतील पाचवीचा वर्ग दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी त्या गावच्या शाळेला एक मोठे पाकीट पाठवतो. त्यात मासुंदा तलावाची चित्रे असतात, आणि नाताळाच्या सुमारास तिकडून बर्फातल्या शाळेची येतात.